परिहाराचे व्याकरण : ऑनलाइन सायकल-शर्यतींत मोठी शर्यत टाळण्याचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या खेळाडूचा स्पर्धेवर जीव आहे त्यानेच मोठी स्पर्धा टाळावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु ऑनलाइन सायकल-शर्यतींच्या खेळांत ती नित्याची आहे. जे खेळाडू आठवड्यातून तीन-चार शर्यती धावतात, आपल्या शक्तीचा व वजनाचा हिशेब दशांशापर्यंत ठेवतात, तेच नामांकित खेळाडूंची गर्दी असलेल्या शर्यतीच्या दिवशी दिसेनासे होतात आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या लहान शर्यतीत पहिले येतात. आपल्याकडे अशा यशाला ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ असे म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आहे. म्हण खोटी नाही. परंतु गाय वासरांतच का राहिली, याचे उत्तर ती देत नाही.

हा विषय भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, या वर्तनाला खेळाडूंनी दिलेली नावे सदोष आहेत आणि नाव सदोष असले की नियमही सदोष होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. माणूस जे टाळतो ते मोजावयाचे कसे, हा प्रश्न आपल्या शास्त्रात इ. स. १९७४ मध्येच उपस्थित झाला असून त्याचे पुष्कळसे उत्तरही मिळालेले आहे. ते उत्तर येथे उपयोगी पडते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. खेळाची रचना

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडक्यात माहिती देणे आवश्यक आहे. खेळाडू घरातच एका यंत्रावर खरी सायकल चढवून पायडल मारतो. त्याने निर्माण केलेली शक्ती वॅटमध्ये मोजली जाते आणि त्या शक्तीवरून व त्याने नोंदविलेल्या वजनावरून पडद्यावरील सायकलस्वाराचा वेग ठरतो. चढावर वजन बाधते, सपाटीवर ते तितके बाधत नाही, दुसऱ्याच्या आडोशाने गेल्यास श्रम वाचतात. रस्त्यावरील हे सर्व नियम पडद्यावरही राखलेले असतात. या प्रकारातील सर्वांत परिचित खेळ ‘झ्विफ्ट’ हा २०१४ साली सुरू झाला. २०२० च्या साथीच्या काळात रस्त्यावरील शर्यती थांबल्या तेव्हा त्याचा विशेष प्रसार झाला. त्याच वर्षी जुलैत ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीची आभासी आवृत्ती त्यावर झाली आणि डिसेंबरात यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. तीत पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑसबोर्न आणि स्त्रियांत दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ हे विजयी झाले. ऑसबोर्न हा मूळचा नौकाचालक. २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने त्या खेळात रौप्यपदक मिळविले. म्हणजे या खेळातील वरचा थर खऱ्या अर्थाने वरचा आहे, आणि सामान्य परंतु ईर्ष्यावान खेळाडूला त्याच्यासमोर विजयाची आशा धरता येत नाही.

झ्विफ्टवरील शर्यती दीर्घकाळ अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेल्या होत्या, आणि वर्ग दर किलोग्रॅम वजनामागे खेळाडू किती वॅट टिकवून धरू शकतो यावरून ठरत असे. स्थूलमानाने ४ वॅटच्या वर ‘अ’, ३.२ ते ४ ‘ब’, २.५ ते ३.२ ‘क’ आणि त्याखाली ‘ड’. पुढे २०२४ साली निकालांवर आधारलेला गुणांक प्रचारात आणण्यात आला. या बदलामागील कारण पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शर्यतीस कोणी नावे नोंदविली आहेत हे सुटण्यापूर्वीच पाहता येते. प्रतिस्पर्धी कोण, हे आधी कळते आणि न उतरण्याची किंमत काहीच पडत नाही, अशी ही स्थिती आहे.

३. चार वेगळी वर्तने

या खेळाच्या इंग्रजी परिभाषेत ‘सँडबॅगिंग’ हा शब्द सर्वांत अधिक ऐकू येतो. सँडबॅग म्हणजे वाळूची पिशवी. एकोणिसाव्या शतकात वाटमारे ती हत्यार म्हणून वापरीत. दिसावयास निरुपद्रवी, लागावयास जबर. पुढे पोकर या पत्त्यांच्या खेळात हाती चांगली पाने असताना दुबळेपणाचे सोंग आणणे, आणि गोल्फमध्ये आपली क्षमता कमी दाखवून सवलत उपटणे, अशा अर्थांनी तो रूढ झाला. सायकलच्या खेळात वरच्या वर्गाची ताकद असून खालच्या वर्गात धावणाऱ्यास तो लावतात. मात्र आज हा शब्द इतका सैल झाला आहे की, पुढील चारही वर्तनांवर तो सरसकट फेकला जातो.

पहिले वर्तन म्हणजे खालच्या वर्गात उतरणे. याला मराठीत ‘अंग राखणे’ हा नेमका शब्दप्रयोग आहे. अंग राखून खेळणारा मैदानात असतो; तो आपली शक्ती लपवितो.

दुसरे वर्तन म्हणजे वर्गाच्या वरच्या सीमेस न शिवता तिच्या किंचित खाली राहणे. ३.२ ही ‘क’ वर्गाची मर्यादा असेल तर ३.१ वर कायम राहावयाचे. चढावर जोर येऊ लागला की हात आवरता घ्यावयाचा. येथे खोटे असे काही नाही, कारण नियम पाळलेला आहे. परंतु नियमाचा हेतू हरवलेला आहे. याला ‘हातचे राखणे’ म्हणावे.

तिसरे वर्तन निवडीचे आहे आणि ते पूर्णपणे निर्दोष आहे. समजा, ‘क’ वर्गात दोन खेळाडू दर किलोग्रॅमला सारखेच ३.१ वॅट टिकवितात. एकाचे वजन ६० किलोग्रॅम, दुसऱ्याचे ८५. पहिल्याची एकूण शक्ती १८६ वॅट होते, दुसऱ्याची सुमारे २६४. सपाटीवर वाऱ्याचा विरोध हाच मुख्य अडथळा असल्यामुळे तेथे एकूण शक्तीला महत्त्व येते, आणि हलका खेळाडू मागे पडणार हे जवळजवळ ठरलेले असते. त्याने सपाटीची शर्यत सोडून १२.२ किलोमीटर लांबीची, १०३६ मीटर उंची चढणारी आणि २१ वळणांची ‘आल्प डु झ्विफ्ट’ ही चढण निवडली, तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही. रस्त्यावरील शर्यतींतही चढाचे खेळाडू आणि वेगाचे खेळाडू निराळेच असतात.

चौथे वर्तन हाच आपला मुख्य विषय आहे. खेळाडू आपल्या योग्य वर्गात आहे, मार्ग त्याच्या सोयीचा आहे, वेळ मोकळा आहे. केवळ आपल्याहून सरस खेळाडू येणार म्हणून तो उतरत नाही. याला मी ‘अंग काढणे’ म्हणतो. अंग राखणारा शर्यतीत असतो आणि अंग काढणारा नसतो. शब्दांतील हा भेद वस्तुस्थितीतील भेदाशी तंतोतंत जुळतो. इंग्रजीत मुष्टियुद्धाच्या क्षेत्रात प्रतिस्पर्धी टाळण्यास ‘डकिंग’ हा शब्द आहे खरा. परंतु तेथे टाळला जाणारा प्रतिस्पर्धी एकच आणि नाव घेऊन आव्हान देणारा असतो. शंभर जणांच्या शर्यतीस न येणाऱ्याला सायकलच्या खेळात असे पक्के नाव नाही.

४. नाव का नाही : शून्याचा प्रश्न

या अभावाचे कारण उघड आहे. निकालपत्रकात ‘शर्यत पूर्ण केली नाही’ अशी नोंद असते, ‘शर्यत सुरू केली नाही’ अशीही नोंद असते. परंतु ही दुसरी नोंद ज्याचे नाव यादीत होते त्याच्यापुरतीच. ज्याने नावच दिले नाही त्याची नोंद कोठून होणार?

आपल्या शास्त्रात शून्याची कल्पना नवीन नाही. पाणिनीय परंपरेत लोप म्हणजे केवळ नसणे नव्हे. जे प्राप्त होते, यावयास हवे होते, त्याचे न दिसणे म्हणजे लोप. आधुनिक भाषाविज्ञानातही शून्य प्रत्यय तेव्हाच मानतात जेव्हा त्याच्या जागी दुसरा काही प्रत्यय येऊ शकतो. ‘दगड’ हे एकवचन आणि ‘दगड’ हेच अनेकवचन. येथे अनेकवचनाचा शून्य प्रत्यय आपण मानतो, कारण ‘घर’–‘घरे’, ‘वेळ’–‘वेळा’ अशा जोड्या समोर आहेत. अपेक्षेवाचून शून्याला अर्थ नाही.

हाच निकष शर्यतीला लावावा. व्यावसायिक सायकल-शर्यतींत २००५ साली ‘प्रो टूर’ची रचना आली, तेव्हा वरच्या श्रेणीच्या संघांवर तीमधील शर्यतींत उतरण्याचे बंधन घालण्यात आले. तेथे अनुपस्थिती हा लोप आहे. ती दिसते आणि तिचा जाब विचारता येतो. ऑनलाइन खेळात असे बंधन नसल्यामुळे अनुपस्थितीला अर्थ येत नाही. अंग काढणे अदृश्य राहते ते खेळाडूच्या चातुर्यामुळे नव्हे, तर रचनेत त्याच्यासाठी जागाच नसल्यामुळे.

५. शॅक्टर यांचा धडा

आता भाषाविज्ञानातील ज्या संशोधनाचा प्रारंभी उल्लेख केला त्याकडे वळू. परभाषा शिकणाऱ्यांच्या चुका मोजून त्यांच्या अडचणी ठरविण्याची पद्धत १९६० नंतरच्या काळात प्रतिष्ठा पावली होती. १९७४ साली जॅकलिन शॅक्टर यांनी तीमधील एक मूलभूत दोष दाखवून दिला. इंग्रजी शिकणाऱ्या चार गटांच्या निबंधांतील संबंधी वाक्ये त्यांनी तपासली. चिनी व जपानी विद्यार्थ्यांच्या चुका फारसी व अरबी विद्यार्थ्यांच्या मानाने कमी निघाल्या. चुकांच्या हिशेबाने चिनी व जपानी विद्यार्थी अधिक प्रवीण ठरले असते. परंतु त्यांनी संबंधी वाक्ये मुळात लिहिलीच होती लक्षणीय प्रमाणात कमी. फारसी व अरबी भाषांत संबंधी वाक्य इंग्रजीप्रमाणे नामाच्या मागून येते. चिनी व जपानी भाषांत ते नामाच्या आधी येते. जेथे रचना परकी होती तेथे विद्यार्थ्यांनी ती टाळली, आणि टाळल्यामुळे त्यांच्या चुका घटल्या.

मराठीच्या अध्यापकास हे पटण्यास अडचण पडू नये. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाचा’ ही रचना ज्याला अवघड वाटते तो ‘काल आलेला मुलगा माझा भाचा’ असे लिहून सुटतो. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु त्याच्या वहीत ‘जो–तो’ची चूक नाही, एवढ्यावरून त्याला ती रचना येते असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

१९७७ साली हॉवर्ड क्लाइनमन यांनी या विचारास एक आवश्यक मर्यादा घातली. जी रचना विद्यार्थ्यास मुळीच ठाऊक नाही ती त्याने ‘टाळली’ असे म्हणता येत नाही. परिहारासाठी आधी ज्ञान हवे. म्हणून परिहार सिद्ध करावयाचा तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : सामर्थ्य, संधी आणि पर्यायाची निवड.

शर्यतीला हे जसेच्या तसे लागू पडते. ज्याला त्या मार्गावर टिकण्याचेच सामर्थ्य नाही, किंवा ज्याच्या देशात ती शर्यत मध्यरात्री सुटते, त्याने अंग काढले असे म्हणणे अन्याय होय. भारतातील खेळाडूला युरोपीय सायंकाळची शर्यत धावावयाची तर बहुधा झोपमोड करावी लागते. त्याची अनुपस्थिती हा परिहार नव्हे. उलट, ज्याला सामर्थ्य आहे, संधी आहे आणि जो त्याच दिवशी दुसरी सोपी शर्यत धावतो, त्याच्याविषयी परिहाराचे अनुमान सयुक्तिक आहे. जिंकलेल्या शर्यतींना धावलेल्या शर्यतींनी भागून येणारे प्रमाण हे चुकांच्या प्रमाणाचेच भावंड आहे. दोन्ही मापे परिहाराला बक्षीस देतात.

६. गुणदान आणि वर्तन

टाळणे हा खेळाडूचा स्वभाव की गुणदानाचा परिणाम, हा पुढचा प्रश्न. बुद्धिबळात रूढ असलेली आर्पाद एलो यांची पद्धत पाहावी. अमेरिकेच्या संघटनेने ती १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तीत ४०० गुणांनी वरचढ असलेल्याविरुद्ध खेळणाऱ्याकडून दर डावामागे सुमारे ०.०९ गुणाची अपेक्षा असते. बदलाचा गुणक २० धरल्यास हरल्यावर त्याचे १.८ गुण जातात, जिंकल्यास १८.२ मिळतात. म्हणजे बलिष्ठाकडून हरण्याची शिक्षा नाममात्र आहे. सायकलच्या खेळातही अलीकडील चांगल्या निकालांची सरासरी घेणारी आणि शर्यतीत उतरलेल्यांची पत पाहून गुण देणारी पद्धत वापरात आलेली आहे. तीत मोठ्या शर्यतीतील दहावा क्रमांक लहान शर्यतीतील पहिल्यापेक्षा मोलाचा ठरू शकतो.

तरीही खेळाडू टाळतात. कारण ते एकाच वेळी दोन वेगळे हिशेब ठेवीत असतात. एक गुणांकाचा, जो गणिती असून फारसा कोणाच्या तोंडी नसतो. दुसरा पहिल्या क्रमांकांचा, जो सर्वांना समजतो. ‘काल मी पहिला आलो’ या वाक्यात प्रतिस्पर्ध्यांची पत सांगणारा शब्द कोठेच नाही. ‘पहिला’ हे क्रमवाचक विशेषण आहे; कोणांत पहिला, हे सांगितल्यावाचून ते पुरे होत नाही. परंतु भाषा ते अपुरे ठेवण्याची मुभा देते आणि खेळाडू त्या मुभेचा लाभ घेतो.

जेथे गुणदानच वाकडे असते तेथे तर जाणती माणसेही तसेच वागतात. याचे अलीकडील ठळक उदाहरण रस्त्यावरील व्यावसायिक शर्यतींचे आहे. २०२० ते २०२२ या तीन वर्षांच्या गुणांवर वरच्या श्रेणीतील संघांचे स्थान ठरावयाचे होते. त्या कोष्टकात ‘टूर द फ्रान्स’मधील एक टप्पा जिंकल्यास १२० गुण होते, तर कित्येकांनी नावही ऐकले नसेल अशी एकदिवसीय दुय्यम शर्यत जिंकल्यास १२५. घसरणीची भीती असलेल्या संघांनी आपले खेळाडू लहान शर्यतींकडे वळविले यात नवल नाही. अखेर लोटो-सूदाल आणि इस्रायल-प्रीमियर टेक हे दोन संघ खाली गेलेच. परंतु कोष्टकाचा दोष सर्वांच्या ध्यानात आला आणि २०२३ पासून टूरच्या टप्प्याचे गुण २१० करण्यात आले. लहान शर्यतींकडे धावणाऱ्या संघांना कोणी भित्रे म्हटले नाही, कोष्टक बदलले. ऑनलाइन खेळाडूला मात्र दोष देताना आपण एवढा विचार करीत नाही.

७. दोषवाचक शब्द आणि त्यांच्या मर्यादा

टाळण्याविषयीचे आपले शब्द तपासले तर त्यांतही एकवाक्यता नाही, असे आढळते. ‘पळपुटा’ हा निंदावाचक. ‘माघार’ बहुतांशी तटस्थ. ‘गनिमी कावा’ मात्र गौरवाचा. यांपैकी ‘कावा’ हा मूळचा घोडा गोल फिरविण्याच्या क्रियेचा शब्द. समोरासमोर जिंकता येणार नाही अशी लढाई न देणे हेच त्या युद्धपद्धतीचे मर्म होते. ‘रणछोड’ या शब्दाची तऱ्हा आणखी चमत्कारिक आहे. रण सोडून द्वारकेस गेलेल्या श्रीकृष्णाचे हे नाव डाकोरच्या मंदिरात भक्तीने घेतले जाते, आणि ‘रणछोडदास’ हाच शब्द मराठी माणूस थट्टेने वापरतो. एकाच क्रियेस दोन विरुद्ध मूल्ये प्राप्त होतात ती हेतूवरून. पुढे मोठे कार्य साधावयाचे म्हणून सोडलेले रण निराळे, आणि नुसता विजयांचा आकडा शाबूत राहावा म्हणून सोडलेले निराळे.

सायकल-शर्यतीच्या परंपरेत याच्या उलट टोकाचाही एक शब्द आहे. टूरमध्ये अगदी शेवटी येणाऱ्यास फ्रेंचमध्ये ‘लाल कंदील’ म्हणतात; आगगाडीच्या शेवटच्या डब्यावरील कंदिलावरून हे नाव आले. त्यात थट्टा आहे तशीच आपुलकीही आहे, कारण कंदील मिळविण्यासाठी गाडीबरोबर शेवटपर्यंत जावे लागते. जिंकण्याची शक्यता नसलेल्यांना शर्यतीत राहण्याचे कारण पुरविण्याची ही परंपरा जुनी आहे. टूरमध्ये डोंगरचढाईचे स्वतंत्र गुण १९३३ पासून दिले जातात, आणि हिरव्या सदऱ्याची गुणस्पर्धा १९५३ पासून चालू आहे. झ्विफ्टवरील संघवार साखळीतही अंतिम क्रमांकाखेरीज मधल्या टप्प्यांवरील वेगाला व चढाईला गुण देतात. तेथे पन्नासाव्या खेळाडूचाही संघाला उपयोग असतो. टाळण्यावरचा खरा उपाय निंदा नसून असे हिशेब हा होय.

८. समारोप

या प्रश्नात नुकसान कोणाचे होते, ते शेवटी स्पष्ट केले पाहिजे. अंग राखणारा खालच्या वर्गातील नवशिक्याचा विजय हिरावून घेतो. ते नुकसान उघड आहे. अंग काढणारा प्रत्यक्ष कोणाचे काही घेत नाही. परंतु मधल्या फळीचे खेळाडू एकेक करून मोठी शर्यत सोडू लागले की तेथे अतिबलवान तेवढेच उरतात. त्यामुळे पुढच्याला उतरणे अधिकच कठीण होते आणि थरांमधील पायरी नाहीशी होते. शिवाय अंग काढणाऱ्या खेळाडूला आपण कोठे उभे आहोत हे कळण्याचा मार्गच बंद होतो. त्याच्या खात्यावर विजय आहेत, पण त्याच्या सामर्थ्याची माहिती नाही.

आपल्या विभागातील अभ्यासकांनी यातून एक व्यावहारिक गोष्ट उचलावी, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना, बोलींची सामग्री गोळा करताना किंवा बालभाषेच्या नोंदी ठेवताना आपण सामान्यतः चुका मोजतो. त्या कोष्टकात एक स्तंभ वाढवावा : अमुक रचना वापरण्याची संधी किती वेळा आली आणि त्यांपैकी किती वेळा ती वापरली. हा स्तंभ भरणे कंटाळवाणे आहे, कारण त्यासाठी जे लिहिलेले नाही ते वाचावे लागते. परंतु त्यावाचून निर्दोष वही ही जाणत्याची आहे की सावधाची, हे ठरविता येणार नाही. प्रबंधासाठी विषय निवडताना हाच स्तंभ अभ्यासकाने एकदा स्वतःच्या नावापुढेही भरून पाहावयास हरकत नाही.